‘महापालिकेचा निर्णय’: ठराव झाला, पण काम कुठवर आलं?

पुण्याच्या पानावर आठवड्यातून दोनदा तरी ही बातमी असतेच: ‘अमुक रस्ता रुंद होणार, महापालिकेचा निर्णय.’ वाचणारा खूश होतो किंवा वैतागतो. मग वर्ष जातं, दोन वर्षं जातात, रस्ता तसाच. ‘हे असंच चालायचं,’ म्हणून आपण विषय सोडून देतो. खरं तर बातमी खोटी नसते. घोळ ‘निर्णय’ या शब्दात असतो. आयुक्तांनी प्रस्ताव मांडला तरी निर्णय, स्थायी समितीने मान्य केला तरी निर्णय, मुख्य सभेत हात वर झाले तरी निर्णय, आणि मंत्रालयातून शिक्का बसून आला तरी निर्णयच. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याच्या मधे कधी तीन महिने जातात, कधी दहा वर्षं.

दुसरा घोळ बातम्यांच्या मांडणीचा. फुटपाथची बातमी एका कोपऱ्यात, एफएसआयची, म्हणजे प्लॉटवर किती बांधायचं त्याची, दुसऱ्या पानावर, पथारीवाल्यांवरच्या कारवाईची तिसरीकडे. जमिनीवर मात्र ही तिन्ही भांडणं बहुतेक वेळा एकाच दहा-बारा फुटांच्या पट्ट्यासाठी चाललेली असतात.

उदाहरणं पुण्याची घेतो, कारण ती मला जवळची. मुंबईचा कायदा १८८८ चा, वेगळा. तिथे जमिनीचे विषय सुधार समितीपुढे जातात. बाकीच्या महापालिका १९४९ च्या अधिनियमावर चालतात. समित्यांची नावं गावोगाव थोडी बदलतात, फाइल फिरते ती वाट साधारण तीच.

चावी कोणाकडे

पहिली गोष्ट, महापौर ‘उद्यापासून हा रस्ता खोदा’ असा आदेश देऊ शकत नाहीत. सभा चालवणं, मान, गाडी, सगळं त्यांचं. अंमलबजावणीचे अधिकार कायद्याने आयुक्तांचे. आणि आयुक्तांना राज्य सरकार पाठवतं, आपण निवडून देत नाही. पैशाची चावी स्थायी समितीकडे असते. १६ सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात, बैठक दर आठवड्याला. ठरावीक रकमेच्या वरचं टेंडर त्यांच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाही. स्थायीच्या अध्यक्षपदासाठी एवढी रस्सीखेच का होते, याचं उत्तर यात आलं.

धोरणाचे विषय मुख्य सभेत जातात. महिन्यातून एक सभा २० तारखेच्या आत झालीच पाहिजे, असा नियम आहे. मग काय होतं? सभा वेळेत बोलावली जाते, एखाद्या दिवंगताला श्रद्धांजली वाहिली जाते आणि सभा तहकूब. नियम पाळला गेला, विषयपत्र जसंच्या तसं पुढच्या तारखेला. ‘तहकूब’ शब्द बातमीत दिसला, तर समजायचं की होकार नाही, नकारही नाही. ‘दफ्तरी दाखल’ हे ऐकायला जपून ठेवल्यासारखं वाटतं. त्याचा अर्थ फाइल बंद. आणि तिसरा शब्द ‘विखंडित’. महापालिकेचा ठराव राज्य सरकारने रद्द केला की तो विखंडित झाला. कलम ४५१ सरकारला तो अधिकार देतं.

हा अधिकार कागदावरच राहतो असं वाटत असेल, तर पुण्यातल्या कुठल्याही घरमालकाला मिळकतकराबद्दल विचारा. स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत देण्याचा ठराव पुणे महापालिकेने १९७० साली केला. दोन पिढ्यांनी ती सवलत हक्काची धरली. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनंतर सरकारने तो ठराव विखंडित केला. लोकांना वाढीव बिलं आली, थकबाकीची टांगती तलवार आली, आंदोलनं झाली, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत दिली. त्यानंतर ‘मी स्वतःच राहतो’ हे सिद्ध करायला पीटी-३ नावाचा अर्ज भरायच्या रांगा लागल्या. करातल्या सवलतीची ही गत, तर जमिनीच्या वापराचे विषय मंत्रालयात किती फिरत असतील!

विकास आराखडा, म्हणजे डीपी, हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. कुठल्या जमिनीवर घरं, कुठे बाग, कुठे शाळा, कुठला रस्ता किती मीटरचा, हे सगळं त्यात रंगवलेलं असतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा १९८७ चा आराखडा संपत आला, तेव्हा २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठी नवा करायचं ठरलं. प्रारूप आराखडा लोकांपुढे आला तो २०१३ मध्ये. त्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. बागांवर घरं, टेकड्यांवर रस्ते, कुणाच्या अंगणातून आखलेली रेषा, असं बरंच काही त्यात होतं. मुख्य सभेत घोळ सुरूच राहिला, आणि २०१५ मध्ये सरकारने आराखडा स्वतःच्या ताब्यात घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्याची पहिली दहा वर्षं आराखडा येण्याआधीच संपली.

इथे एक बारीक कलम लक्षात ठेवण्यासारखं आहे. नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीतही काही झालं नाही तर आरक्षण व्यपगत होतं. सोप्या मराठीत, नकाशावरची हिरवी बाग जाते आणि जमीन मालकाला मोकळी होते. २०१७ च्या आराखड्यात जी आरक्षणं नव्याने पडली, त्यांना २०२७ च्या सुरुवातीला दहा वर्षं पूर्ण होतात. तुमच्या प्रभागात ‘उद्यानासाठी आरक्षित’ असा गंजका फलक आणि मागे गवत अशी जागा असेल, तर तिचं घड्याळ चालू आहे.

तीन मीटरची किंमत

आता बांधकामाकडे येऊ. रस्त्याची रुंदी हा वाहतुकीचा प्रश्न आहे, असं आपल्याला वाटतं. महापालिकेत तो मुख्यतः बांधकामाचा प्रश्न आहे.

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर भागातली एखादी ६ मीटरची गल्ली डोळ्यांपुढे आणा. तिथे ५,००० चौरस फुटांचा प्लॉट, त्यावर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची सोसायटी. लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चार महिन्यांत खाली उतरलेल्या नाहीत, गच्ची गळते. सगळ्यांना पुनर्विकास हवाय, पण बिल्डर येतो, फाइल बघतो आणि चहा पिऊन निघून जातो. का?

एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाला ज्या आकड्याने गुणलं की बांधकामाची मर्यादा मिळते, तो आकडा. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर एकच नियमावली लागू आहे. तिच्यात हा आकडा समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. दाट गावठाण भाग सोडला, तर पुण्यात रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तेव्हा १.१०, आणि तिथेच पूर्णविराम. म्हणजे आपल्या सोसायटीला ५,५०० चौरस फूट. साधारण तेवढं तर आज उभंच आहे. बिल्डरने विकायचं काय? रस्ता ९ मीटरचा असेल, तर १.१० च्या जोडीला महापालिकेला पैसे भरून घेतलेला ०.५० प्रीमियम एफएसआय आणि ०.४० टीडीआर, एकूण २.००. म्हणजे १०,००० चौरस फूट. (जिने, बाल्कनी वगैरेंसाठी वरचा पूरक एफएसआय असतो, तो इथे धरलेला नाही.)

टीडीआरही इथेच समजून घेऊ. रस्त्यासाठी किंवा बागेसाठी तुमची जमीन हवी आहे, पण महापालिकेकडे रोख पैसा नाही. मग ती तुम्हाला प्रमाणपत्र देते, की एवढं बांधकाम दुसरीकडे करा. ते तुम्ही वापरा किंवा बिल्डरला विका. शेअरसारखाच त्याला भाव असतो, चढतो-पडतो.

तर, ६ चा ९ मीटर झाला की आपल्या सोसायटीत ४,५०० चौरस फुटांची भर. फुटाला दहा हजारांचा दर धरला तर साडेचार कोटी. खर्च, प्रीमियम, टीडीआर वजा करा, तरी आकडा लहान नाही. त्यासाठी सोसायटीने द्यायचं काय? दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर मागे सरायचं. ५० फुटांच्या दर्शनी भागाला साधारण पाच फूट, म्हणजे अडीचशे चौरस फूट: कंपाउंडची भिंत, तिच्याआतली तुळस, जास्वंदी आणि वॉचमनची खुर्ची.

नवी नियमावली यायच्या आधीही नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर टीडीआर वापरायला बंदी होतीच. २०२० मध्ये पुण्याच्या स्थायी समितीने कलम २१० खाली ६ मीटरचे तीनशेहून जास्त रस्ते ९ मीटरचे करायला मान्यता दिली. या कलमाखाली आयुक्त स्थायीच्या संमतीने रस्त्याची नवी रेषा आखू शकतात. विरोधकांनी विचारलं, हेच रस्ते का? प्रश्न रास्त होता. उत्तरादाखल वाहतूक कोंडीचं कारण देणाऱ्याने एक गोष्ट सोयीने सोडली, की त्यातल्या कित्येक गल्ल्यांत दिवसभरात कोंडी होते ती शाळेची बस येते तेव्हा, दहा मिनिटं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या आजींना लिफ्ट हवी आहे, आणि ती मिळायचा दुसरा रस्ता फारसा नाही. माझी तक्रार रुंदीकरणावर नाही, ते वाहतुकीच्या नावाने करण्यावर आहे. कारण मग पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. घरं दुप्पट झाली, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन बदलणार का? घरटी दोन गाड्या आल्या, त्या कुठे उभ्या राहणार?

आणि रस्ता खरंच रुंद होतो का, हे बघायला अशा गल्लीत एकदा चालत जा. रेषा कागदावर एका दिवसात सरकते. जमिनीवर ती प्रत्येक इमारत पाडली जाईल तेव्हाच सरकते. पहिला प्लॉट पाच फूट मागे, दुसरा बंगला जागच्या जागी, तिसरा मागे, चौथा कोर्टात. गल्ली म्हाताऱ्याच्या दातांसारखी दिसते. मागे सरलेल्या प्रत्येक खाचेत दोन कार लागलेल्या असतात, त्यामुळे गाडी चालवायला रस्ता ६ मीटरचाच उरतो.

महापालिकेला यात रस का, तेही उघड आहे. पूर्वी जकात हे तिचं रोजचं उत्पन्न होतं. पुण्यात ती एप्रिल २०१३ मध्ये गेली, एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला, २०१७ मध्ये जीएसटीने उरलंसुरलं संपवलं. त्या जागी सरकारकडून अनुदान येतं. स्वतःच्या हातात राहिले ते मुख्यतः दोन नळ: मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. मिळकतकर वाढवला की नगरसेवक पडतो. उरतो दुसरा नळ. परवानगी देणारा आणि परवानगीवर घर चालवणारा एकच असला, की नियम कुठल्या बाजूला झुकतील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तरतूद कुठाय

मंजूर झालेल्या प्रस्तावाकडे बघताना मी एकच ओळ आधी शोधतो: आर्थिक तरतूद. तिथे नाममात्र रक्कम असेल, तर तो निर्णय म्हणजे इच्छा आहे. तरतूद पुरेशी असली तरी ‘वर्गीकरण’ या शब्दाकडे लक्ष ठेवायचं. एका कामाचे न वापरलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं, याला महापालिकेत वर्गीकरण म्हणतात. वर्षाच्या शेवटी-शेवटी अशा प्रस्तावांचा पाऊस पडतो. ३१ मार्चच्या आत पैसे खर्ची पडले नाहीत तर जातात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगले फुटपाथ उखडून नवे पेव्हर ब्लॉक बसताना दिसतात.

पैसे आणि मंजुरी दोन्ही असूनही धोरण झोपतं, असंही होतं. मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मोठ्या वादानंतर मुख्य सभेत मंजूर झालं. शहरभराचं धोरण घटून पाच रस्त्यांच्या प्रयोगावर आलं, आणि नंतर तो प्रयोगही वर्षानुवर्षं रेंगाळला. रस्त्यावर फुकट गाडी लावणं हा पुणेकराला जन्मसिद्ध हक्क वाटतो आणि सर्वच पक्षांना ते ठाऊक आहे. याउलट, २०१६ नंतर जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद झाला, बाकं आली, आणि संध्याकाळी तिथे बसायला जागा मिळेनाशी झाली. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा दिवसभर फक्त पादचाऱ्यांना खुला ठेवला, तेव्हा दुकानदारांची धास्ती होती की गाडी येणार नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. पण लक्ष्मी रस्त्यावर साडी घ्यायला आलेल्या चौघी दुकानासमोर गाडी लावून खरेदी करतात, हे दृश्य शेवटचं कोणी पाहिलंय?

मधली चार वर्षं तर तहकुबीही नव्हती. १४ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे खटले लांबले आणि कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे आयुक्तच प्रस्ताव मांडणार, स्थायी समिती म्हणून आयुक्तच मंजूर करणार, आणि मुख्य सभाही आयुक्तच. फाइली भराभर सुटल्या, हे मान्य. पण भरल्या सभागृहात उभं राहून ‘हेच रस्ते का?’ विचारणारं कोणी उरलं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं, आणि पुण्याच्या सभागृहातल्या १६५ खुर्च्या पुन्हा भरल्या.

पथारी

पुण्यात फेरीवाला म्हणण्यापेक्षा पथारीवाला म्हणतात, आणि शब्द नेमका आहे: बहुतेकांची जागा ठरलेली असते. त्यांच्यासाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. अतिक्रमणची गाडी आली की जी पळापळ होते, ती पाहून कोणाला वाटणार नाही, पण कायदा बराचसा त्यांच्या बाजूचा आहे. पथारीवाल्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. जागा बदलायची तर तीस दिवसांची नोटीस हवी. माल उचलला तर यादी द्यावी लागते. नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत, दंड भरल्यावर परत. केळ्यांची गाडी उचलून आठवड्याने परत केली तर परत काय केलं, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनाही पडला असावा.

कोण कुठे बसेल हे ठरवताना नगर पथविक्रेता समितीचा शब्द लागतो. अध्यक्ष आयुक्त, पण किमान ४० टक्के सदस्य पथारीवाल्यांनीच निवडलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. संख्येची कमाल मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के. ऐंशी हजार वस्तीच्या प्रभागात दोन हजार. हा आकडा ऐकून सोसायट्यांची मंडळी दचकतात. पण तेवढ्याच प्रभागात फुटपाथवर, दुकानांच्या फ्रंट मार्जिनमध्ये उभ्या असलेल्या दुचाकी मोजल्या, तर अडवलेल्या जागेचा हिशेब वेगळा निघेल. शेडही त्यात धरा, कारण पत्र्याची शेड टाकणारं दुकान ‘अतिक्रमण’ म्हणून आपल्या डोळ्यांना दिसत नाही, भाजीची पाटी लगेच दिसते.

प्रमाणपत्राचा दुसरा उपयोग बँकेत. २०२० मध्ये स्वनिधी योजना आली, तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, ते फेडलं की वीस, मग पन्नास. त्यासाठी लागतं ते महापालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र. सावकाराकडून सकाळी पैसे घेऊन संध्याकाळी व्याजासह फेडणाऱ्या माणसाला बँकेचं दार उघडतं ते या एका कागदाने, आणि सर्वेक्षणात आपलं नाव नसेल, तर तो कागद मिळवणं अवघड होतं. समितीची निवडणूक किंवा सर्वेक्षण लांबल्याची बातमी चार ओळींची असते. ती कोणाच्या तरी भांडवलाची बातमी आहे.

त्या दातांच्या गल्लीत परत जाऊ. दोन नव्या इमारतींच्या मधे एक बंगला अजून तसाच आहे. मालक परदेशात, भावाभावांत वाद. त्यामुळे तिथली भिंत जुन्या रेषेवर, आणि भिंतीला टेकून कडुनिंबाखाली इस्त्रीवाल्याची टपरी. कोळशाची इस्त्री, दोरीवर लटकलेले शर्ट, प्रत्येक गठ्ठ्याला फ्लॅटचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. गिऱ्हाईकं सगळी त्याच नव्या इमारतींमधली. बंगल्याचा वाद मिटेल त्या दिवशी भिंत पाच फूट मागे जाईल, आणि टपरीची जागा नकाशावर रस्ता होईल. आतल्या खिळ्याला लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र टांगलंय, वाफेने कडेला पिवळं पडलेलं. त्यावर व्यवसायाचं ठिकाण म्हणून त्याच बंगल्याचं नाव आहे.